जुन्या गाड्यांना घाटबंदी नको, थांबायला जागा द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे मध्यंतरी एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं की पंधरा वर्षांच्या वरच्या सगळ्या गाड्यांना कोकणात उतरणाऱ्या घाटांमधे बंदीच घाला, या गाड्या वळणावर बंद पडतात आणि मागे सगळ्यांचा खोळंबा होतो, आणि त्यात खास टोमणा होता "हौशी लोकांच्या जुन्या कॅम्पर व्हॅन"ना. आता तशीच एक हौस आमच्या दारात उभी आहे त्यामुळे पत्र वाचून गप्प बसवेना. खोळंब्याचं जे लिहिलंय ते खरंच आहे, त्यावर वादच नाही, पण रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे असं झालंय.

आमची गाडी म्हणजे पूर्वी शाळेची मुलं नेणारी डिझेल व्हॅन. सीटा काढल्या, प्लायवूडची खाट केली, एक कपाट, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि दिव्या-पंख्यासाठी वेगळी बॅटरी. हॉटेल परवडत नाही म्हणून नाही हो, आवडतं म्हणून. कागदपत्रं सगळी नीट आहेत. पत्रलेखकांचा असा समज दिसतो की पंधरा वर्षांनंतर गाडी अशीच भटकत असते, तर तसं नाहीये, खाजगी गाडीची आरसी पंधरा वर्षांनी संपते, मग आरटीओत गाडी दाखवून पास करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर वेगळा, आणि 1 एप्रिल 2022 ला चारचाकीची हीच फी 600 रुपयांवरून 5000 झाली. आतल्या बदलांचंही तसंच, कलम 52 आहे मोटार वाहन कायद्यात, मनाला येईल तसं कापून-जोडून चालत नाही. म्हणजे सरकारने आमच्याकडून पैसे घेऊन ही गाडी रस्त्यावर चालायला लायक आहे असं लिहून दिलंय. आणि तेच सरकार 2021 मधे कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणतं, या फिरा म्हणतं, मुक्कामाला कॅराव्हॅन पार्क, पाणी, वीज असं सगळं त्यात आहे, छानच आहे. पण मुक्कामाच्या जागेपर्यंत पोचायचं तर मधे घाट लागतो, आणि घाटात गाडी थांबली तर पुढे काय याची चर्चा मी तरी कुठे ऐकलेली नाही.

कराड-चिपळूण रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटाचंच सांगते. उन्हाळ्यात गुहागरहून परत येत होतो, चिपळूण झालं, पोफळी मागे टाकली, चढ सुरू झाला आणि थोडं वर गेल्यावर गाडी गचके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की दम तोडायची, सोडला की परत बरी. टेम्परेचरचा काटा मधे, ऑइलचा दिवा बंद, धूर नाही, वास नाही. डिझेल अर्ध्याच्या वर. दुसऱ्यावर टाकली, पहिल्यावर टाकली, आणि एका वळणाच्या तोंडावर बंदच पडली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. डिझेल गाडीत ब्रेकला जी मदत मिळते ती व्हॅक्यूमची, आणि ते व्हॅक्यूम इंजिन फिरतंय तोवरच तयार होतं, जुन्या गाड्यांत त्याचा पंप बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. इंजिन बंद झालं की बूस्टरमधे, म्हणजे ही मदत देणाऱ्या डब्यात, जे काही व्हॅक्यूम उरलेलं असतं त्यावर दोन-तीनदा ब्रेक हलका लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखं घट्ट. म्हणून चढावर गाडी बंद पडली की ब्रेक सारखा सोड-दाब करायचा नाही, एकदाच दाबून धरायचा, हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, आणि दुसऱ्याने पटकन उतरून मागच्या चाकांना दगड लावायचे. आमच्यात हे ठरलेलंच आहे, मी गाडी चालवत असले की दगड नवऱ्याकडे आणि तो चालवत असला की माझ्याकडे. आणि हेच कारण आहे की उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे जे शहाणे असतात ना, त्यांना घाटबंदी घातली तर माझी काही हरकत नाही, मग त्यांची गाडी कालची असो की आजोबांच्या काळातली.

तर गाडी थांबली, पण कुठे? डावीकडे गटार, त्याच्या पलीकडे डोंगर, उजवीकडे रस्ता आणि दरी. अर्धी गाडी रस्त्यावरच. थोडं आधी कुठे हातभर रुंद मुरमाची जागा असती तर मी गचके सुरू झाल्या झाल्या बाजूला घेतली असती, कारण गाडी अचानक नव्हती बंद पडली, चांगली पाच-सात मिनिटं सांगत होती की मी बंद पडणार आहे. जुन्या गाडीचं हे एक बरं असतं, ती आधी कुरकुर करते. पण ऐकून करणार काय, जागाच नाही ना. माझ्या या अख्ख्या पत्राचा मुद्दा हाच आहे.

फोनला रेंज नव्हती. राष्ट्रीय महामार्गावर 1033 नंबर आहे मदतीचा, चांगला आहे, पण लावायला एक तरी काडी पाहिजे मोबाईलवर. त्यात आपण नेमके कुठे आहोत हे सांगता आलं पाहिजे, आणि घाटातले किलोमीटरचे दगड एकतर झुडपात असतात नाहीतर रुंदीकरणात उपटले गेलेले. "कुंभार्ली घाटात एका वळणावर" हा काही पत्ता झाला का.

शेवटी एसटी धावून आली. खाली चिपळूणकडे जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने स्वतःच वेग कमी केला, कंडक्टरने खिडकीतून विचारलं काय झालं, आणि पुढे खाली कोणाला तरी सांगून ठेवलं. तासाभरात बाईकवर एक मिस्त्री हजर. तेलाच्या चौकोनी डब्यात पाने-पक्कड. मला वाटलं आता इंजिनचं झाकण उघडेल, आमच्या गाडीत ते आतून आहे, दोन सीटच्या मधे, तर मी त्याच्यावरचं सामान हलवायला लागले. तो म्हणाला, "राहू द्या ताई, आदी खालनं बघतो." आणि सरळ रस्त्यावर आडवा झाला आणि डिझेलच्या टाकीपासून पाईपवर बोटं फिरवत फिरवत पुढे यायला लागला, मधे मधे बोटं नाकाला लावून वास घ्यायचा.

"गळत तर कुठंच न्हाई," नवरा म्हणाला.

"गळंल कशी दादा, हितनं पंप वढतोय न्हवं. डिझेल भायेर येत न्हाई, हवा आत जाती."

किती साधी गोष्ट! टाकीपासून इंजिनवरच्या पंपापर्यंत डिझेल ओढून आणलं जातं, त्या टप्प्यात रबरी पाईपला बारीकशी भेग पडली तर खाली थेंबसुद्धा दिसत नाही, उलट तिथून हवा शोषली जाते. सपाटीवर इंजिनला डिझेल थोडंच लागतं म्हणून ते निभावून नेतं, चढावर भूक वाढली की बुडबुड्यांनी उपाशी राहतं. काटे-दिवे काहीही दाखवत नाहीत कारण ते बघायला तिथे काही बसवलेलंच नाही.

पण भेग नेमकी कुठे हे बोटांना सापडेना. मग त्याने विचारलं पारदर्शक नळी आहे का काही. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याच्या टाकीची शिल्लक राहिलेली होती, वीतभर कापून दिली. ती त्याने फिल्टरच्या आधी, येणाऱ्या पाईपमधे तात्पुरती जोडली, फिल्टरवरचा हातपंप दाबायला लागला आणि आम्हाला म्हणाला बघा. नळीतून पिवळसर डिझेल आणि त्यात बुडबुड्यांची माळच्या माळ! मग एका हाताने पंप मारत दुसऱ्या हाताने तो मागच्या पाईपचा एकेक तुकडा चिमटीत दाबून बघत गेला, आणि टाकीजवळच्या क्लिपशेजारी दाबल्यावर बुडबुडे थांबले. क्लिपच्या दाताखाली रबर कडक होऊन चिरलेलं. तेवढा तुकडा कापला, पाईप पुढे ओढून परत चढवला, क्लिप आवळली. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारला, आधी फेस आला, मग फेस संपून नुसतं डिझेल यायला लागलं तसा स्क्रू बंद. इंजेक्टरच्या पाईपांचे नट जरा ढिले, स्टार्टर मारला, एकेका नटातून डिझेल उडालं की तो आवळायचा. गाडीने दोन-चार खोकले काढले आणि लागली. पारदर्शक नळी त्याने आठवणीने काढून घेतली, म्हणाला पाण्याची नळी डिझेलात टिकत नाही, मऊ पडून निखळते. जे पैसे मागितले ते शहरातल्या गॅरेजवाल्याने नुसतं "बघतो" म्हणण्यात जातात.

आता पत्रलेखकांना माझा प्रश्न असा की याच वळणावर नवी गाडी बंद पडली असती तर? 1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्या बीएस 6 आहेत, धूर कमी, फारच चांगलं, त्याला माझा विरोध नाही. पण त्यात एखादा सेन्सर रुसला की कॉम्प्युटर गाडीची ताकदच काढून घेतो आणि मग ती कुत्र्याच्या चालीने चालते किंवा चालतच नाही, आणि रस्त्यावर झोपून बोटं फिरवून त्यातलं काही कळत नाही, स्कॅनर लागतो, कंपनीचा माणूस लागतो, नाहीतर सपाट ट्रकवर चढवून न्यावी लागते. तोपर्यंत ती तिथेच. म्हणजे खोळंबा दोघींचा सारखाच, फक्त जुनीला वीतभर नळी पुरते. आपल्याकडच्या मॅटॅडोर म्हणा, 1987 पासूनची टेम्पो ट्रॅव्हलर म्हणा, त्यातली मर्सिडीजच्या परवान्यावर इथेच बनलेली ती ओएम 616 इंजिनं अजून गावोगाव धडधडतायत ती काय उगाच? कुठल्याही तालुक्याच्या गावात त्यांचा गॅस्केट मिळतो, नोझल मिळतो, आणि जे मिळत नाही ते कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं की लेथवर करून देतात. आम्ही गिअर लिव्हरचा बुश तसाच करून घेतलाय, नमुना म्हणून जुना झिजलेला दिला आणि चहा पिऊन येईपर्यंत नवा तयार.

पण म्हणून जुनी गाडी कशीही चालवावी असं मी अजिबात म्हणत नाहीये. कॅम्पर करणारी आमची जी मंडळी आहेत त्यांच्याशीही माझं भांडण आहे. लोक आत लाकूडकाम कसलं करतात, लायटिंग करतात, पडदे मॅचिंग लावतात, आणि ब्रेक ऑइल कधी बदललंय विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन हे साधं गणित, त्यात कपाट, बॅटऱ्या, सिलेंडर, हे सगळं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि उतारावर सगळं ब्रेकवर येतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आपल्या पावसात तर जास्तच. डॉट 3 ऑइल नवीन असताना निदान 205 अंशाला उकळतं, ओलावा धरल्यावर तेच 140 पर्यंत खाली येऊ शकतं, आणि घाट उतरताना सतत पाय ब्रेकवर ठेवला तर चाकातली उष्णता तिथवर सहज जाते. मग ऑइलमधे वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी बदला, एका चांगल्या जेवणाच्या पैशात होतं. आणि ज्या गिअरमधे घाट चढाल त्याच गिअरमधे उतरा हे जुने ड्रायव्हर सांगायचे ते काही वेडे नव्हते.

गाडी गरम होण्याचंही तेच. मे महिन्यात घाटात बाजूला बोनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्या बघितल्या की माझा जीव वर-खाली होतो, कारण कोणीतरी एकजण हमखास फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेला असतो. आतलं पाणी दाबाखाली शंभरच्या वर गेलेलं असतं हो, झाकण सुटलं की ते सरळ तोंडावर उडतं. काटा नुसता वर चढायला लागला असेल तर एसी बंद करा, हीटर फुल करा, उकडेल पण इंजिनची उष्णता बाहेर निघेल, आणि जागा मिळेल तिथे थांबा. पुन्हा तेच, जागा मिळेल तिथे!

आणि दगड! हा विषय कोणीच काढत नाही. गाडी बंद पडली की लोक मागे चार दगड आणि झाडाच्या फांद्या टाकतात, ठीक आहे, रिफ्लेक्टरचा त्रिकोण खरंतर गाडीत असायलाच पाहिजे पण नसतो. मग गाडी दुरुस्त होते, माणसं आनंदाने निघून जातात आणि चाकाखालचे ते दगड रस्त्याच्या मधोमध तसेच. रात्री धुक्यात बाईकवाल्याचं काय होत असेल! घाटातले काही अपघात दुरुस्त होऊन निघून गेलेल्या गाड्यांमुळे होत असणार याची मला खात्री आहे. याला जुनी गाडी-नवी गाडी काही नाही, याला माणूस कारण आहे.

राहता राहिली क्रेन. दुसऱ्या एका वेळी, वेगळ्या घाटात, आमच्या क्लचने हात टेकले तेव्हा एक टोइंगवाला देवासारखा आला आणि सैतानासारखे पैसे सांगायला लागला. रेट कुठे लिहिलेला नाही, पावती नाही, आणि गाडी तो म्हणेल त्याच गॅरेजला जाणार. आम्ही म्हटलं आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे तालुक्याला सोडा, अंतर तेवढंच आहे, तर नाही म्हणजे नाही. विम्यातली रस्त्यावरच्या मदतीची सोय आम्हाला गाडीच्या वयामुळे मिळालेली नाही त्यामुळे तो म्हणेल ती पूर्व दिशा. वर मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढून न्यायला निघाला, मागच्या चाकांवर चालणारी गाडी लांब न्यायची तर आधी प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सोडवावा लागतो नाहीतर गिअरबॉक्सला आतून तेल मिळत नाही आणि तो विनाकारण खराब होतो, हे त्याला मला सांगावं लागलं, आणि मी बाई म्हणून त्याने ते ऐकलं नाही, मग नवऱ्याने तेच वाक्य परत म्हटल्यावर ऐकलं. असो.

माझं सार्वजनिक बांधकाम विभागाला आणि महामार्गवाल्यांना म्हणणं एवढंच आहे की घाटात चढाच्या बाजूला ठराविक अंतरावर एक ट्रक उभा राहील एवढी जागा करा. काँक्रीट नको, कमान नको, उद्घाटन तर नकोच, नुसता दाबून बसवलेला मुरूम चालेल. रुंदीकरणात जिथे जुनं वळण सुटून नवीन रस्ता सरळ जातो तिथे असे तुकडे आयतेच पडलेले असतात, त्यावर आज एकतर राडारोडा असतो नाहीतर वडापावची गाडी. तिथे एक पाण्याचा नळ, आणि कठड्यावर मोठ्या आकड्यात रंगवलेला नंबर, म्हणजे फोन लागला तर माणूस सांगू शकेल की मी कुंभार्लीच्या अमुक नंबरला आहे. त्याच कठड्यावर पायथ्याच्या आणि माथ्याच्या गावातल्या मिस्त्रींचे फोन आणि क्रेनचा ठरलेला दर. कॅराव्हॅन धोरणात सरकार पार्कची नोंदणी करतं तशी या मिस्त्रींची का नको? पर्यटकाला फाइव्ह स्टार टॉयलेटपेक्षा हा तेलकट डबेवाला माणूस जास्त उपयोगी आहे हे मी अनुभवाने सांगते. आणि एसटीचे डेपो आहेत ना बऱ्याच तालुक्यांना, वर्कशॉपसकट, तिथे पैसे घेऊन बंद पडलेली गाडी एक रात्र आत उभी करू दिली तर महामंडळालाही चार पैसे सुटतील, नाहीतर बायका-मुलांना घेऊन रात्रभर हायवेच्या कडेला गाडीत झोपायचं म्हणजे डोळ्याला डोळा लागत नाही.

गणपती आले की या घाटांमधून काय रांग लागते ते पत्रलेखकांनाही माहीत असेल. त्यात निम्म्या गाड्या जुन्या असतात, कारण मुंबईतल्या कोकणी माणसाकडे जी गाडी असते तीच तो गावाला नेतो, त्याला बंदी घालून तो थांबणार आहे थोडाच. त्याच्या आत निदान कुंभार्ली आणि आंबा या दोन घाटांमधे राडारोडा पडलेल्या जागा तरी मोकळ्या करून द्याव्यात, जेसीबी तर तिथे रस्त्याच्या कामाला उभेच आहेत.

आपली,
एक वाचक, कराड